सगळ्यांचं झाल्यावर

सासूबाई येणार म्हणून त्या घरात सकाळपासून धांदल उडाली होती. घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर, तेही असं की दोघं आत उभे राहिले तर तिसऱ्यानं दारातच थांबावं. गॅसवर कोंबडीचा रस्सा रटरटत होता. धाकटी सून बटाटे सोलत होती. आणि तिचा नवरा फ्रीजचं दार उघडून आतल्या वस्तू एकेक करून पिशवीत भरत होता.

त्यानं इन्सुलिनच्या बाटल्या काढल्या. फळीवर डब्यामागं ठेवलेली सुयांची पाकिटं काढली. बोट टोचून रक्तातली साखर मोजायचं यंत्र काढलं. तिच्या पर्समधला ग्लुकोजचा पुडा काढला, उशाशी असलेली बिस्किटंही काढली. घरात आजारी माणूस राहतं याचा मागमूस उरू नये, अशी त्याची सफाई चालली होती.

"बिस्किटं कशाला नेतोस? बिस्किटं काय, कुणीही खातं," ती म्हणाली.

"उशाशी कोण ठेवतं बिस्किटं? आईचं लक्ष कुठंकुठं जातं तुला ठाऊक नाही. एक प्रश्न विचारला की ती दहा विचारते."

हा नवरा औषधाच्या दुकानात कामाला होता. गल्लीत सगळे त्याला अर्धा डॉक्टर म्हणायचे आणि त्यालाही ते मनातून आवडायचं. दोघांची ओळख दुकानातच झाली. तिला लहानपणापासून मधुमेह. ती शर्टाच्या कॉलरी शिवायच्या कारखान्यात जायची आणि दर महिन्याला इन्सुलिन घ्यायला त्याच्या दुकानात यायची. हा पावती करताना मुद्दाम वेळ लावायचा. म्हणजे त्याला कुणी अंधारात ठेवलं होतं असं अजिबात नाही. "मला सगळं माहीत आहे, मी सांभाळीन," असं तोच छातीठोकपणे म्हणाला होता.

फक्त आईला सांगायचं तेवढं राहिलं. थोरल्या भावासाठी मुली बघताना आईनं एका चांगल्या मुलीला नुसत्या दम्याच्या संशयावरून नकार दिला होता. "रोगट मुलगी घरात आणून मी काय तिची सेवा करत बसू?" हे तिचे शब्द त्याच्या कानात बसले होते. म्हणून लग्न झाल्यावर सांगू असं ठरलं. मग नवं घर लागल्यावर सांगू. आता एखादं मूल झाल्यावर सांगू, असं चाललं होतं. अशी माणसं वाईट नसतात हो. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अडीनडीला धावून जातात, बायकोला फुलासारखं जपतो म्हणून सांगतात. पण घरात एक वाक्य बोलायची वेळ आली की त्यांच्या तोंडाला कुलूप लागतं.

"हे बघ, मी एक सुई भरून ठेवतोय," तो म्हणाला. "बस आमच्या दुकानासमोरच थांबते. आई आणि वहिनी उतरल्या की मी फोन करतो. तू लगेच सुई घे, कागदात गुंडाळ आणि कचऱ्यात टाक. त्या चालत घरी येईपर्यंत सगळं साफ. आई आली की हातपाय धुते आणि सरळ ताटावर बसते. मीपण येतोच. आमचं झालं की तू आणि वहिनी बसा."

"आणि जेवायला उशीर झाला तर?"

"आईच्या जेवणाला? आजवर कधी झालेला नाही."

हाच माणूस दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला दम द्यायचा. "आधी ताट समोर येऊ दे, मग सुई. सुई घेतली आणि जेवण चुकलं तर माणूस जागच्या जागी आडवा होतो, कळलं का?" हे वाक्य तो इतक्या वेळा म्हणायचा की बाहेरच्या चहावाल्यालाही ते पाठ झालं होतं. आज मात्र स्वतःच्या घरी त्यानं नेमकं उलटं ठरवलं, आणि तिनंही मान डोलावली. सासूबाई लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्या घरी येत होत्या. आजचा एक दिवस नीट पार पडावा, एवढंच तिच्या मनात होतं.

त्यांच्या घरची एक रीत होती. जिनं स्वयंपाक केला तिनं घरातल्या मोठ्यांचं जेवण झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. मीठ बघायलासुद्धा नाही. वासावरून मीठ ओळखता आलं पाहिजे, असं सासूबाई म्हणायच्या, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते ओळखता यायचं. उभा जन्म त्यांनी सगळ्यांचं झाल्यावर भांड्याच्या तळाचं खाल्लं होतं. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती, उलट अभिमान होता. आपण जे सोसलं ते सुनेनं सोसलं नाही तर आपलं सोसणं वाया गेलं, असं काहीतरी बायकांच्या मनात घट्ट बसलेलं असतं. त्याला संस्कार म्हणायची पद्धत आहे.

नवरा पिशवी घेऊन गेला. स्वयंपाक होत आला. भात झाला, रस्सा झाला, परतलेले बटाटे झाले, काकडीची कोशिंबीर झाली. शेवटी तिनं दुधात शिजवलेला गोड भात उतरवून झाकून ठेवला. तेवढ्यात फोन वाजला.

"बस लागली. आई उतरली. घे आता."

तिनं आतल्या खोलीत जाऊन पोटाला सुई टोचली, कागदात गुंडाळली आणि कचऱ्याच्या डब्यात तळाशी दडवली. हात धुतले. आरशात बघून केस सारखे केले. दाराची घंटा वाजली तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला, कारण सगळं अगदी ठरल्यासारखं झालं होतं.

"आलो गं बाई एकदाचे!" सासूबाई दारातूनच म्हणाल्या. "जिने आहेत की डोंगर? आणि तू किती वाळलीस! माझा मुलगा खायला देत नाही की काय?"

मागून थोरली जाऊ पिशव्या सावरत आत आली. घरात तिला सगळे माऊ म्हणायचे. ऐकणाऱ्याला वाटावं, किती लाडाचं नाव.

सासूबाईंनी हातपाय धुतले, घर बघितलं, पडद्याचा रंग चांगला आहे म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून थेट स्वयंपाकघराच्या दारात बसल्या. "बाहेर बसून काय करू? इथंच बसते. वास तर झकास सुटलाय."

"ताटं घेऊ का आई?" धाकटीनं लगेच विचारलं.

"घे की. पण माझं लेकरू कुठाय?"

लेकराचाच फोन आला. दुकानात अचानक तपासणीला साहेब आले होते. कपाटं उघडून एकेक औषध बघत होते. मालकानं त्याला जागेवरून हलू नको म्हणून सांगितलं होतं.

"तू जेवून घे आई. माझी वाट बघू नकोस," तो म्हणाला.

"छे रे! इतक्या महिन्यांनी आले आणि तुला सोडून जेवू? घास उतरेल का माझ्या घशाखाली?"

"अगं पण उशीर होईल. ऐक ना. तुम्ही बसा सगळ्या. खरंच बसा."

"होऊ दे उशीर. बसमध्ये केळी खाल्लीत आम्ही. तू ये सावकाश."

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. तो दुकानात फोन हातात धरून उभा राहिला. बायकोच्या पोटात सुई गेलेली आहे, हे त्याला माहीत होतं. ती सुई आता तिच्या रक्तातली साखर ओढायला लागणार, हेही माहीत होतं. पुन्हा फोन लावून "आई, तिला आधी खायला दे, तिला मधुमेह आहे" एवढंच म्हणायचं होतं. पण साहेबांनी पुढचं कपाट उघडलं आणि तो किल्ल्या घेऊन त्यांच्या मागं गेला.

इकडं सासूबाई रंगात आल्या होत्या. थोरलीनं कांदा घेतला, धाकटीनं लिंबं घेतली, आणि सासूबाई दारात बसून जुन्या गोष्टी सांगायला लागल्या. धाकटी हसत होती, हूं हूं म्हणत होती. मनात मात्र एकच गोष्ट चालली होती. अजून ठीक आहे. अजून हात थरथरत नाहीत.

थोड्या वेळानं तिच्या वरच्या ओठावर घाम आला. तिनं तो बाहीनं पुसला. पुन्हा आला. जीभ जड वाटायला लागली. ही खूण तिला लहानपणापासून ओळखीची होती. कारखान्यात असं झालं की ती मशीन थांबवून दोन बिस्किटं तोंडात टाकायची आणि शेजारणीशी गप्पा मारत बसायची. तिथं कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. इथं स्वतःच्या घरात, स्वतः भरलेल्या साखरेच्या डब्यापासून ती हातभर अंतरावर होती.

तिनं डब्याचं झाकण काढलं.

"का गं, साखर कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "गोड भात झाला म्हणालीस ना? का चाखून बघितलास?"

"नाही आई. चाखला नाही."

"मग कमी पडली हे कसं कळलं? राहू दे. कमी असेल तर मी सांगीन की." आणि त्या हसत थोरलीकडं वळल्या. "चाखायचं काम आमच्या या माऊचं. सांगू का हिला?"

थोरली हसली. हसायची तिला सवय झाली होती.

"ही आमची बाळंतीण. पोर महिन्याचं असेल. सकाळी बघते तर काय, दाराआड उभी राहून रात्रीचा गार भात मुठीनं खातेय! अगदी चोर मांजर. मी सगळ्यांना हाक मारून दाखवलं. काय हसलो होतो आम्ही! तेव्हापासून ही माऊ. आता तर हिची पोरंसुद्धा म्हणतात."

धाकटीनं डब्याचं झाकण लावून टाकलं. वाचकहो, तुम्ही म्हणाल, घ्यायची होती चिमूटभर साखर तोंडात, काय आभाळ कोसळणार होतं? तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण ज्या घरात एका मूठभर भातापायी बाईचं नाव जन्मभराचं बदलतं, त्या घरात पोटाला काय हवं ते सांगायचं धाडस ऐनवेळी येत नाही. आणि साखर उतरायला लागली की डोकंही धड चालत नाही. साधी गोष्ट सुचत नाही, नको ती मात्र ते धरून बसतं. तिच्या डोक्यात एकच बसलं होतं, तो येईल आणि मग सगळे जेवतील.

ती आतल्या खोलीत गेली. उशी उचलली, पर्स उलटी केली. सकाळी नवऱ्यानं सगळं झाडून नेलं होतं. तिनं त्याला फोन लावला.

"मला घाम येतोय. सांगू का आईंना?"

"नको नको, आलोच मी. साहेब निघालेत. तोवर चमचाभर साखर खा की!"

"आई दारातच बसल्यात."

"मग त्यांना बाहेर बसव ना काहीतरी करून! घाबरू नकोस. आलोच."

स्वयंपाकघरात परत येताना तिला दाराची चौकट दोन दोन दिसली. तिनं शब्द जुळवले आणि म्हणाली, "आई, तुम्ही बाहेर बसा ना."

"का गं? मी नडतेय का तुला?"

"नाही... बाहेर बसा. बाहेर जा."

सासूबाईंचा चेहरा उतरला. त्या उठल्या नाहीत. "बरं बाई. तुझं घर आहे. पण आल्या आल्या मला हाकलायला लागलीस हे लक्षात ठेवीन हो मी," असं म्हणून त्यांनी खुर्ची आणखी पक्की केली. थोरलीनं मात्र कांदा चिरायचा थांबवला आणि जावेकडं नीट बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुला बरं नाही का गं?" तिनं हळूच विचारलं.

"बरी आहे," धाकटी म्हणाली, आणि कारण नसताना हसली.

शेवटी नवरा आला. धापा टाकतच आला. दारातून त्यानं पहिल्यांदा बायकोकडं बघितलं आणि त्याला सगळं कळलं. दुकानात अशी माणसं त्यानं पाहिली होती. घामानं कपाळाला चिकटलेले केस, थिजलेली नजर, एकाच जागी चाचपडणारा हात.

"चला, चला, जेवायला बसू! तूही बस गं," तो तिला म्हणाला. "आज सगळे एकदमच बसू ना आई."

"अरे, मग वाढणार कोण? बस तू. बायका बसतील मागाहून."

"नाही, म्हणजे आज जरा..."

"आज काय?"

सासूबाईंनी मान वर करून त्याच्याकडं बघितलं. तो दारापाशीच पाटावर बसला. आईही खुर्ची सोडून शेजारच्या पाटावर आली. बायकोनं त्याच्या ताटात भात वाढला, त्यातला अर्धा जमिनीवर सांडला. त्यानं मान खाली घातली, भात कालवला आणि पहिला घास घेतला. लवकर जेवून उठलो की तिला जेवता येईल, असा हिशेब त्यानं मनाशी केला होता. इतकं शिकलेल्या माणसाचा हा हिशेब. संताप येतो लिहिताना.

धाकटीनं रस्सा वाढायला घेतला आणि तो सासूबाईंच्या गोड भातावर ओतला.

"अगं, अगं! शुद्धीवर आहेस का? काय ओतलंस हे?"

"जा तिकडं," धाकटी म्हणाली. तिची जीभ अडखळत होती. "तुम्ही जा. मला... मशीन थांबवा."

"ही काय बोलतेय? अरे, ही काही पिते-बिते की काय?"

"नाही आई, ऊन... उन्हाची चक्कर असेल. काल झोप झाली नाही तिची."

त्याचं वाक्य पुरं होतं न होतं तोच ती कोसळली. ओट्याची कड कपाळाला लागली. पळी खणखणत लांब गेली. तिचे हातपाय ताठ झाले आणि झटके यायला लागले.

"चक्कर आली! पाणी आणा, पाणी!" तो ओरडला. त्यानं तिच्या तोंडावर पाणी मारलं. पुन्हा मारलं. हात पाण्यासाठी आणि डोळे आईकडं, असं त्याचं चाललं होतं. थोरली धावत येऊन खाली बसली. तिनं जावेचं डोकं एका कुशीला वळवलं, जखमेवर फडकं दाबलं. कपडे सैल करताना तिला पोटावरच्या सुयांच्या खुणा दिसल्या. जुन्या, नव्या, कितीतरी.

"हे काय आहे?" तिनं दिराला विचारलं. "तू औषधवाला ना? काय आहे हिला? सकाळपासून काही खाल्लंय का हिनं?"

तो पुन्हा पाण्याच्या तांब्याकडं वळला.

"बोल की मेल्या! मरतेय ती!"

तेव्हा त्याच्या तोंडाचं कुलूप निघालं. "साखर आण! पातळ पाक कर, बोटानं गालाच्या आतून, हिरड्यांना चोळ! पाणी पाजू नकोस, गिळता येणार नाही, ठसका लागेल! कुशीवरच ठेव! इन्सुलिन घेतलंय तिनं, जेवली नाही!" सगळं एका दमात, एकही शब्द न चुकता, दुकानात गिऱ्हाइकाला सांगतो तसं. त्याचं त्यालाच ते ऐकू आलं आणि तो रडायला लागला.

सासूबाई ताटावरून उठल्या होत्या. त्यांच्या हाताला भात तसाच होता. थोरली साखर चोळत राहिली, बोटाला दात लागले तरी चोळत राहिली, रुग्णवाहिका येईपर्यंत.

ती वाचली. तेवढं आधीच सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला ठेवत नाही. शिरेतून साखर गेल्यावर संध्याकाळपर्यंत ती माणसं ओळखायला लागली. कपाळाला टाके पडले. डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला विचारलं, सुई कुणी भरून दिली, जेवण का राहिलं, आणि शेवटी, तुम्ही काय काम करता. "औषधाच्या दुकानात," तो म्हणाला. बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं आणि दुसऱ्या खाटेकडं गेल्या.

बाहेर बाकावर आईनं त्याला गाठलं.

"मला का नाही सांगितलंस रे?"

"सांगितलं असतं तर लग्नाला हो म्हणाली असतीस?"

सासूबाई हाताला वाळून चिकटलेला भात नखानं काढू लागल्या. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं.

संध्याकाळी वॉर्डात जेवणाच्या गाड्या फिरायला लागल्या. ओळीनं खाटा, भेटायला आलेल्या माणसांची गर्दी. धाकटीसमोर ताट आलं, मऊ भात आणि भाजी. नर्स सुई घेऊन आली. सासूबाई लगबगीनं उठल्या आणि खाटेभोवतीचा पडदा ओढायला लागल्या.

"हे बघ पोरी," त्या वाकून, अगदी मायेनं म्हणाल्या. "झालं ते झालं. मी काही राक्षसीण नाही. इथून पुढं तू स्वयंपाकघरात आधीच काय ते खाऊन घेत जा. मी बघितलं न बघितल्यासारखं करीन. फक्त बाहेर वाच्यता नको. नातेवाइकांना उन्हाची चक्कर म्हणू, काय?"

नवऱ्याच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. "बघ, आई किती समजून घेतेय!" तो म्हणाला.

धाकटीनं पडद्याकडं मान वळवली. मग म्हणाली, "पडदा उघडा ठेवा आई."

"अगं, लोक बघतायत."

"बघू देत." तिनं नर्सच्या हातातून सुई घेतली आणि सगळ्या वॉर्डासमोर पोटाला टोचली. मग ताट मांडीवर ओढलं. "लपून खायची परवानगी नको मला. चोरी करत नव्हते मी. मला भूक लागली होती."

आजवर सासूबाईंसमोर ती नवऱ्याला अहो म्हणायची. आता त्याच्याकडं वळून ती सरळ म्हणाली, "आणि तू. तुला सगळं दिसत होतं. तू माझ्यासमोर बसून घास घेतलास. आता भावजी येतील. विचारतील काय झालं. तू खरं सांग. तुझ्या तोंडानं, सगळ्यांसमोर. तेवढं एक कर, मी घरी येते."

"सांगतो. शपथ सांगतो," तो म्हणाला.

थोरला भाऊ पुढच्याच बसनं आला. घामाघूम होऊन खाटेशी पोचला. "काय रे, काय झालं एकाएकी?"

सगळे नवऱ्याकडं बघायला लागले. शेजारच्या खाटेवरची म्हातारीसुद्धा बघायला लागली. त्यानं घसा साफ केला. बायकोकडं बघितलं, आईकडं बघितलं, भावाकडं बघितलं.

"काही नाही रे," तो म्हणाला. "ऊन फार होतं आज. त्यात दगदग..."

धाकटी जेवत होती. तिनं घास चावून गिळला.

"ऊन कसलं रे!" सासूबाईंचा आवाज चिरकला. "ऊन कसलं! तिला मधुमेह आहे, यानं तो लपवला. आणि ती उपाशी उभी होती आणि मी दारात खुर्ची टाकून बसले होते. साखरेला हात लावू दिला नाही मी तिला." एवढं बोलून त्या मटकन स्टुलावर बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

धाकटीनं ताट पूर्ण संपवलं. भात संपवला, भाजी संपवली, पाणी प्यायली. मग थोरलीला म्हणाली, "ताई, माझ्या आईला फोन लाव. उद्या सोडलं की मी तिच्याकडं जाणार."

"अगं, पण आईनं सांगितलं ना सगळं!" नवरा काकुळतीला आला. "आता तर लपवायचं काही उरलंच नाही!"

"त्यांनी सांगितलं. तू नाही."

थोरलीनं फोन लावला. आपल्या नवऱ्यासमोर आणि सासूसमोर उभी राहून लावला, आणि पलीकडून आवाज आल्यावर उन्हाचं नाव न काढता सगळं सांगितलं.

पुढं काय झालं ते मला विचारू नका. तो तिला आणायला गेला का, गेला तर काय बोलला, ते त्या दोघांनी बघावं. मला तुमच्याशी बोलायचं आहे. सुट्टीच्या दिवशी ही पुरवणी हातात घेऊन तुम्ही बसला आहात, म्हणजे तुमचं जेवण बहुधा झालेलं असणार. जिनं ते रांधलं तिचं झालं का? तिला हाक मारून विचारू नका, विचारलं की ती हो म्हणते. उठा आणि आत जाऊन बघा.